काठ कुणाच्या हिशेबात?

(अफजलपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांनी मला भूगोल शिकवला. चौथीची परीक्षा झाली तेव्हा ते आम्हाला भीमेच्या घाटावर घेऊन गेले आणि म्हणाले, दिसते तशी नदी वहीत काढा. उन्हाळा होता. नदी बारीक होती, आम्ही बारीक रेघ काढली. भाद्रपदात पुन्हा घाटावर नेलं आणि त्याच कागदावर आताची नदी काढायला लावली. पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलं होतं, म्हणून दुसरी रेघ पार गावाजवळून गेली. दोन रेघांच्या मधे जो रुंद पट्टा उरला, त्यावर बोट ठेवून गुरुजींनी विचारलं, ही जमीन की पाणी? अर्धा वर्ग म्हणाला जमीन, अर्धा म्हणाला पाणी. गुरुजी काही बोलले नाहीत. घंटा झाली.

मी पुढं सोलापुरात तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. त्या प्रश्नाचं उत्तर आज द्यायला आले आहे. तो पट्टा म्हणजे पाणथळ. नदीची, तळ्याची, ओढ्याची जी जागा वर्षातले काही महिने पाणी असते आणि काही महिने जमीन, तीच सगळ्यात जास्त जिवंत असते. आणि आज कुणाच्याच हिशेबात नसल्यामुळं तीच सगळ्यात आधी जाते आहे.

पाणथळ हा शब्द आपल्याकडं बदनाम आहे. पाणथळ रान म्हणजे वाफसा न येणारं, बैल रुतणारं, तसं रान असलेल्या घरात पोरगी देताना दोनदा विचार करावा असं रान. महाराष्ट्रात सातबाऱ्यात त्याला ‘पोटखराबा’ म्हणतात. इथं कर्नाटकात पहाणीच्या उताऱ्यात नुसतं ‘खराब’ लिहितात. दोन राज्यं, दोन भाषा, पण शिक्का एकच. ज्या जागेचं सरकारदप्तरी नावच खराब, तिथं भराव टाकताना कुणाचा हात कचरत नाही.

माझी अज्जी त्या खराब जागेवर सहा जणांचं घर चालवत होती. होळी झाली की भीमा पलीकडच्या काठाला सरकायची आणि अलीकडं वाळूचा मोठा पट्टा उघडा पडायचा. अज्जी तिथं मळईला जायची. वाळूत कमरेइतके चर खणायचे, ओल लागली की तळाशी शेणखत घालायचं, काकडी, दोडका आणि कलिंगडाचं बी टाकायचं, वाऱ्यानं वाळू येऊ नये म्हणून तुराट्यांची कुडं उभी करायची. मोट नाही, इंजिन नाही. वेलाच्या मुळ्या आपणहून ओलीपर्यंत जायच्या.

आणि पाणी प्यायचं ते झिऱ्याचं. मी तिच्याबरोबर जायचे म्हणून मला ते अजून दिसतं. ती वाळूत बसून दोन्ही हातांनी वाळू उपसायची. कोपरभर खोल गेलं की बाजूची वाळू काळपट व्हायची, मग तळाशी पाणी पाझरायला लागायचं. पहिलं पाणी गढूळ असायचं. ते करवंटीनं बाहेर फेकायचं, दुसरंही फेकायचं. तिसऱ्यांदा ती हात आवरून गप्प बसायची आणि मलाही बसवायची. थोड्या वेळानं त्या खळग्यात इतकं नितळ पाणी जमायचं की तळाचा अभ्रकाचा कण न् कण चमकायचा. मग एकेक करवंटी फडक्यातून गाळत घागर भरायची. शेजारून नदी वाहत असायची, पण अज्जीनं वाहतं पाणी कधी प्यायला आणलं नाही. ती करवंट्या कानडीत मोजायची आणि परत येताना ओवी मराठीत म्हणायची.

त्या जागी मी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेले होते. वाळू नाही. खाली काळी चिकट माती उघडी पडली आहे, तिला भेगा, आणि त्या मातीवर ट्रॅक्टरच्या चाकांच्या वाळलेल्या चाकोऱ्या. मी हातानं उकरून पाहिलं. माती नखात भरली. पाणी लागलं नाही.

एक साधा हिशेब मांडते. वाळू ब्रासवर विकतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३०. वाळूच्या कणांमधली पोकळी तिच्या आकारमानाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढी असते. चौथा हिस्सा धरला, तरी पात्रातली एक ब्रास भिजली वाळू ७०० लिटर पाणी धरून असते. सगळं हाती येत नाही, काही कणांना चिकटून राहतं, हे मान्य. पण जे राहतं ते उन्हानं उडून जात नाही, कारण वर वाळूचंच पांघरूण असतं. रात्री पात्रातून बाहेर पडणारी एकेक टिपर गाडी आपल्या उन्हाळ्यातलं पाणी घेऊन जाते. आणि गेलेली वाळू परत येईल म्हणावं, तर वर उजनी धरण आहे. नदी डोंगरातून आणते ती वाळू धरणाच्या पाण्यात जाऊन बसते. खाली भीमेला मिळणारे ओढेनाले आणि उपनद्या जेवढी आणतील तेवढीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली दीपककुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. कागद आहेत. पण रात्री दोन वाजता पात्रात कागद उभा राहत नाही, तिथं माणूस लागतो.

त्या वाळूवर फक्त अज्जीचे वेल नव्हते. नदी सुरय नावाचा पांढुरका पक्षी पात्रातल्या उघड्या वाळूवर अंडी घालतो. घरटं बांधत नाही, नुसती खळी करतो. टिटवीचंही तसंच. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात मऊ पाठीचं एक कासव आहे, जगात ते फक्त दक्षिण भारतीय द्वीपकल्पात सापडतं. १८७२ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली तीच पुण्याच्या नमुन्यावरून, आणि मुंबईच्या लीथ नावाच्या डॉक्टराचं नाव त्याला मिळालं. पुण्याची मुळा-मुठा भीमेलाच मिळते, म्हणजे ते आपल्याच पाण्यातलं कासव. आज ते अत्यंत धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. त्याला अंडी घालायला काठ लागतो. काठाच्या जागी उभा कापलेला कडा आला की कासव वर चढूच शकत नाही.

आता उजनीबद्दल बोलायला हवं, कारण अफजलपुरात पाण्यावर बोलायचं आणि उजनीचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. १९८० साली पुरं झालेलं हे धरण ११७ टीएमसीचं. त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांजवळ गेली, पळसदेवचं पाण्याखालचं जुनं देऊळ पार उघडं पडलं आणि लोक ते पाहायला गर्दी करू लागले. त्याच महिन्यांत इथं आपण भीमेत पाणी सोडा म्हणून मागणी करत होतो. त्याआधी २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हीच भीमा तुमच्या घरांत शिरली होती. एक तर महापूर नाही तर कोरडं पात्र. मधली नदी गेली कुठं?

मधली नदी त्या पट्ट्यात होती. पूर आला की पाणी पसरायला ती जागा होती, ओसरलं की झिरपायला होती. काठाच्या मळईवर ऊस आला, ओढ्यांच्या तोंडाशी भराव आले, पात्रातली वाळू गेली. आता वरून पाणी सुटतं ते बंधाऱ्यांत उभं राहतं, काठावरच्या मोटारी ते उचलतात आणि पंधरा दिवसांत पुन्हा पाणी मागायचं पत्र लिहायची वेळ येते. मी ऊस लावणाऱ्याला दोष देत नाही. तुरीचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी पडतो, उसाला कारखाना दारात येतो. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो काय करेल? पण कृष्णेचं पाणी वाटणारा बच्छावत लवाद असो की आपली आंदोलनं, आपण सगळे नदीला टीएमसीत मोजतो. झिऱ्याचं पाणी त्या मापात कधीच आलं नाही, म्हणून ते गेलं तेव्हा कुणी भांडलं नाही.

उजनीनं नदी बदलली, आणि तिच्याच फुगवट्यानं भिगवणच्या बाजूला एक नवी पाणथळ तयार केली. हिवाळ्यात पाणी उतरू लागलं की उथळ चिखलात रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब चरतात, चित्रबलाक असतात, चक्रवाक असतात. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी आहे, त्याला मराठीत वारकरी म्हणतात. चंद्रभागेच्या पाण्याला शोभेल असंच नाव आहे. तिथल्या मासेमारांनी होड्यांतून पक्षी दाखवायला सुरुवात केली, त्यांना जाळ्याबरोबर दुर्बिणीचीही कमाई मिळू लागली. पण त्याच पाण्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं. जाळ्यात देशी माशांपेक्षा चिलापी जास्त येते. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी ९९० कोटींची योजना २०१६ साली मंजूर झाली, आणि तिथल्या नळांचं पाणी आपल्या घाटावर कसं पोचतं हे अजून आपल्यालाच नाकानं कळतं.

इथं कायदा काय म्हणतो ते ऐका. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८२ साली गेला. त्या कराराची व्याख्या उदार आहे: नैसर्गिक असो की माणसानं केलेली, कायमची असो की हंगामी, पाणी उभं असो की वाहतं, ती पाणथळ. आपल्या सरकारनं २०१७ साली पाणथळ संवर्धनाचे नियम केले. त्यांनी व्याख्या जवळपास तीच घेतली आणि मग एक एक वगळत गेले. नदीचं पात्र वगळलं. भातखाचरं वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी वगळली. सिंचनासाठी बांधलेली वगळली.

आता अफजलपूर तालुका डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडं आहे काय? एक नदी, आणि सिंचनाला किंवा प्यायला बांधलेली तळी. वगळल्यावर उरतं काय?

या वगळण्यात केवढा विरोध आहे तो बघा. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमधमेश्वर. तो गोदावरी-कादवा संगमावर १९०७ ते १९११ मध्ये सिंचनासाठी घातलेला बंधारा आहे. मागं गाळ साचत गेला, उथळ झालं, वनस्पती आल्या, पक्षी आले. कर्नाटकाला २०२४ च्या जानेवारीत तीन रामसर स्थळं मिळाली. त्यातलं गदग जिल्ह्यातलं मागडी केरे आणि विजयनगर जिल्ह्यातलं अंकसमुद्र, दोन्ही गावतळी, शेतीला पाणी द्यायला बांधलेली. आपल्या शेजारचं बोनाळ घ्या, सुरपूर तालुक्यातलं. सुरपूरच्या नायक राजांचं तळं, एकोणिसाव्या शतकात मेडोज टेलरनं त्याची डागडुजी केली, आज ते कर्नाटकातल्या मोठ्या पक्षी अभयारण्यांपैकी एक आहे. म्हणजे ज्या तळ्यांचा गौरव जगापुढं करायचा, त्यांच्याच हजारो बहिणी नियमातून बाहेर ठेवायच्या. माझ्या मते ही व्याख्या चुकीची आहे आणि ती बदलेपर्यंत आपण ते बोलत राहिलं पाहिजे.

दिलासा देणारी गोष्ट न्यायालयाकडून आली. इस्रोच्या उपग्रह नकाशांवरून देशात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी मोजल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं की या सगळ्यांना संरक्षणाची तत्त्वं लागू राहतील. २०२४ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सांगितलं की राज्यांनी जागेवर जाऊन पाणथळींची खातरजमा करावी आणि हद्दी ठरवाव्यात. कर्नाटकात तर तळ्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यातही मोजणी आणि अतिक्रमण हटवणं आहेच. जागेवर जाऊन! त्या जागेवर मोजणीदार येईल तेव्हा त्याला तळ्याची जुनी हद्द दाखवणारा कुणी गावात हवा ना? ती पिढी सत्तरीच्या पुढं गेली आहे.

आता जे बोलते ते काही जणांना आवडणार नाही. आपण तळी वाचवतो म्हणून जे करतो, त्यानंही तळी मरतात. २०२२ पासून अमृत सरोवर योजना आहे, जिल्ह्याला ७५ तळी. महाराष्ट्रात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार. हेतू चांगला, गाळ रानात गेला की काळ्या आईला खुराक मिळतो, हे मी शेतकऱ्याची मुलगी म्हणून जाणते. पण जेसीबी येतो तो बशीसारखं तळं हौदासारखं करून जातो. चारी बाजू उभ्या, तळ सपाट, वर दगडी पिचिंग, शक्य झालं तर भोवती फरशी आणि सिमेंटचा बगळा.

जानेवारीत एखाद्या न खणलेल्या तळ्यात पाय घालून बघा. पहिल्या पावलाला ओला लव्हाळा लागतो. चार पावलांवर चिखलात गोगलगायींच्या नक्षीदार वाटा. घोट्याएवढ्या पाण्यात शेकाट्या आपले लांब गुलाबी पाय उचलत फिरतो, कारण त्याची चोच तेवढ्याच खोलीला पुरते. पोटरीएवढ्या पाण्यात माशांची पिल्लं गवतात लपलेली. गुडघ्याच्या पुढं बदकं. पाणी रोज बोटभर उतरतं, आणि रोज नवा बोटभर चिखल उघडतो, त्यावर रोज नवं जेवण वाढलं जातं. हे सगळं त्या उतारावर असतं. उभी भिंत केली की एका दिवसात संपतं. म्हणून खणायचं असेल तर मधे खणा, भरावाजवळ खणा. ज्या बाजूनं पाणी आत येतं ती बाजू उतरती ठेवा. एवढी एक अट ठरावात लिहायला पैसे लागत नाहीत.

आपल्या दोन्ही भाषांना हे माहीत होतं. कन्नडमध्ये ‘केरेगे हार’ आहे, तळ्याला पाणी लागावं म्हणून धाकट्या सुनेचा बळी दिल्याची लोककथा. मराठीत शिळासप्तमीची कहाणी आहे, राजानं तळं बांधलं, पाणी लागेना, जलदेवतांनी नातू मागितला. कानडी कथेत भागीरथी परत येत नाही, मराठी कहाणीत मूल परत मिळतं. माझ्या अज्जीला दोन्ही येत होत्या, पहिली सांगताना ती दरवेळी रडायची. ज्या समाजानं तळ्याची किंमत अशी कल्पिली, त्यानं तळी फुकटात बुजवावीत याचं मला दुःख आहे. आणि सोलापूरला बाराव्या शतकात सिद्धरामांनी तळं खोदलं, ते कायक म्हणून. हातात कुदळ घेणं हीच पूजा, ही शिकवण या मातीतली आहे.

गाणगापूरबद्दल थोडंच बोलते, कारण ते श्रद्धेचं ठिकाण आहे आणि माझंही आहे. भीमा-अमरजा संगमाचं माहात्म्य ज्या गुरुचरित्रात आहे, ते सरस्वती गंगाधरांनी मराठीत लिहिलं. त्यांची घरची भाषा कन्नड. त्या ग्रंथात अष्टतीर्थं सांगितली आहेत, म्हणजे गाणगापूरच्या दत्तमहाराजांच्या भोवतीचं सगळं माहात्म्य पाण्याच्या जागांचं आहे. औदुंबर हे झाडही ओलीवर वाढणारं. वराहमिहिरानं जमिनीखालचं पाणी ओळखायच्या खुणांत उंबर सांगितला आहे. गाणगापूरला येणारे आमचे मराठी भाविक संगमावर अंगावरची वस्त्रं सोडून जातात. माझी त्यांना हात जोडून विनंती आहे, वस्त्र काठावर ठेवा, एखाद्या गरजूला द्या, पाण्यात सोडू नका. ती नायलॉनची साडी कुजत नाही, ती माशांच्या जाळ्यात आणि गाळात अडकते. यात्रेच्या दिवसांत संगमावर उभं राहून हे कानडीत आणि मराठीत सांगणारी दहा पोरं हवी आहेत. व्याख्यानमालेनं ती द्यावीत.

आणि गावांसाठी एक काम. ग्रामसभेत ठराव करा की तळ्याला भाद्रपदात जिथवर पाणी येतं तिथं दगड रोवायचे. तलाठ्याला, इथं आपण ग्रामलेखाधिकारी म्हणायचो त्यांना, बरोबर घ्या. म्हाताऱ्या माणसांना खाटेवर बसवून न्यावं लागलं तरी न्या, त्यांना हद्द ठाऊक आहे. पहाणीत त्या पट्ट्यासमोर जे लिहिलं आहे त्याची नक्कल काढा. शाळेतल्या मुलांकडून दोन रेघांचा नकाशा करून घ्या, एक वैशाखाची, एक भाद्रपदाची, आणि तो पंचायतीच्या भिंतीवर लावा. नकाशा भिंतीवर असला की भराव टाकणाऱ्याला पंचायतीत उत्तर द्यावं लागतं.

दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, भारतात ती १९८७ पासून चालू आहे. त्यासाठी पदवी लागत नाही, दोन डोळे, वही आणि थोडी चिकाटी लागते. आपल्या तालुक्यातल्या तळ्यांची नोंद त्यात जायला हवी, कारण मोजणीदार येईल तेव्हा ती वही पुराव्याला उभी राहील. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला मी माझ्या माहेरच्या तळ्यावर, सांडव्याच्या बाजूला उभी असेन. पायात चप्पल नको, चिखल आहे. ज्यांना जमेल त्यांनी मुलांना घेऊन यावं.